पपयांना न्हाऊ घालणारी धुरपतामाय

थर्मामीटर वापरण्याआधी तीनदा झटकायचं असतं, हे ज्ञान मला आईकडून मिळालं आणि पुढे बायकोनेही त्यात काही दुरुस्ती केली नाही. त्यामुळे जानेवारीतल्या त्या रविवारी, पेडगावच्या शिवारात, गूळ कढवायच्या मोठ्या काहिलीतल्या पाण्याला वाफ सुटली आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हा मी कृषी विद्यापीठातल्या मॅडमनी दिलेलं काचेचं लांबलचक थर्मामीटर डबीतून काढलं, उजेडाला धरून पाहिलं आणि झटकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा ते काहिलीच्या लोखंडी काठावर आपटलं.

टिंग.

माझ्या हातात वरचा तुकडा राहिला. त्यावर शंभर आणि एकशेदहा हे आकडे अगदी शाबूत होते. ज्यांची गरज होती ते आकडे चुलीपाशी राखेत पडले होते.

"किती निघालं, गुर्जी?" चंद्रभानने विचारलं.

चंद्रभान माझा शाळेपासूनचा मित्र. हा सगळा प्रकार घडला तो त्याच्या आखाड्यावर. आमच्याकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात, त्याचा कुस्तीशी काही संबंध नाही. निदान त्या दिवसापर्यंत नव्हता. आणि थर्मामीटर माझ्या हातात होतं, कारण मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. शाळेतही एक थर्मामीटर होतं. पोरांनी फोडू नये म्हणून ते कपाटात कुलपात असायचं आणि मी ते फळ्यावर काढून दाखवायचो. निवृत्त झालो तेव्हा ते धडधाकट होतं, हे मी चारचौघांत अभिमानाने सांगत असे.

चंद्रभानची बायको धुरपताबाई चुलीपाशी बसली होती. सारा गाव तिला धुरपतामाय म्हणतो, मी वहिनी म्हणतो. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त काहिलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग सुनेला म्हणाली, "राजेश्री, आदी हे पाणी वतून टाक."

"वहिनी, काच बाहेर पडली. आत काही गेली नाही."

"तुमाला दिसली तेवडी भाईर पडली."

"एवढं पाणी तापवलेलं—"

"फळाला काचंचा एक ओरखडा गेला तर बुरशीला दार उगडून दिल्यावानी हाय. मॅडम बोलल्या तवा तुमी काय झोपायलता का?"

झोपलो नव्हतो. मी शेवटच्या रांगेत बसून मान डोलावत होतो. काहील रिकामी झाली, घासली गेली, पुन्हा भरली गेली. सकाळचे साडेनऊ झाले. चार वाजता गाडी येणार होती आणि वीस कॅरेट पपई झाडाखाली सावलीत वाट पाहत होती.

आता ही पपई एवढी का महत्त्वाची, ते सांगायला हवं. चंद्रभानच्या आखाड्याला लागून एक एकर पपईची बाग आहे. ती लावली राजेश्रीने. तिने मोबाईलवर बघून बघून, रोपं आणून, ठिबक जोडून, स्वतःच्या हाताने ती उभी केली. चंद्रभानला पपई म्हणजे पाहुण्यांच्या ताटातलं फळ वाटे, पीक वाटत नसे. तो तयार नव्हता. धुरपतामाय मध्ये पडली. "आयुष्यभर तुमचं आईकलं. एक डाव सुनंचं आईका," असं ती एकदाच म्हणाली आणि चंद्रभानने ऐकलं. झाडं छातीइतकी झाली, खोडाला फळं अशी लगडली, की रस्त्याने जाणारे गाडी थांबवून फोटो काढू लागले.

फळ झाडावर देखणं दिसे. काढताना हिरवंगार, त्यावर एकच पिवळी रेघ. आणि नांदेडला किशनराव व्यापाऱ्याच्या दुकानात पोचून पिकायला लागलं, की अंगावर काळे, खोलगट डाग. डागावर गुलाबी लव. देठाकडून मऊ. पहिल्या खेपेला किशनरावांनी सांभाळून घेतलं. दुसऱ्या खेपेला त्यांचा फोन आला, "मावशी, तुमच्या पपईला देवी आल्यात की हो!"

मॅडमनी देवळाच्या सभामंडपात गावातल्या बायांना बोलावून समजावलं, ते याबद्दलच. बुरशी फळात काढणीनंतर शिरते असं नाही, ती झाडावरच सालीत येऊन बसलेली असते. फळ कच्चं असतं तोवर गप्प. मांडवात कोपऱ्यात बसून असलेला पाहुणा जेवणाची पंगत बसली की कसा पहिला उठतो, तसं तिचं. फळ पिकायला लागलं की ती उठते. त्यामुळे वरून पुसून, फुंकून काही होत नाही. काढल्याबरोबर फळ गरम पाण्यात बुडवायचं. पाणी एकोणपन्नास-पन्नास अंश. वीस मिनिटं. मग गार पाण्यात, मग सावलीत सुकवायचं, मग कागदात गुंडाळायचं. पाणी थोडं कमी गरम असलं तर बुरशी मरत नाही आणि थोडं जास्त झालं तर फळच भाजून निघतं, मग ते धड पिकत नाही.

हे ऐकून धुरपतामाय मांडी बदलून म्हणाली, "म्हंजी न्हाऊ घालायचं."

तिथेच सगळी भानगड झाली. कारण धुरपतामाय हा गावचा न्हाऊ घालण्याचा शेवटचा शब्द आहे.

गेली चाळीस वर्षं पेडगावात कुणाच्याही घरी लेकरू जन्मलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी धुरपतामाय पदर खोचून हजर. पाटावर बसायचं, दोन्ही पाय लांब सोडायचे, नडगीवर लेकरू पालथं घालायचं आणि पाणी ओतायचं. गल्ली कोणती, घर कोणाचं, हे तिने कधी पाहिलं नाही. माझी दोन्ही पोरं तिच्या नडगीवर न्हाली. थोरला आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे, पण गावी आला आणि समोरून धुरपतामाय दिसली, की अजून मान आखडून उभा राहतो. तिने त्याचं नाक लहानपणी ओढून ओढून सरळ केलं आहे. नाकाचं श्रेय ती आजही घेते. "शिकला तो तुमच्यामुळं आसंल गुर्जी, पर नाक माजं हाय."

पाणी किती गरम, हे ती कोपर बुडवून ठरवते. आणि एवढ्याने भागत नाही म्हणून लेकरालाच विचारते. म्हणजे तिचं शास्त्र असं: लेकरू रडलंच नाही तर पाणी गारढोण, रडून रडून निळं झालं तर कडक, आणि एकदा मोठ्यांदा रडून गप्प झालं म्हणजे बरोबर.

पपई रडत नाही. ही तिची मोठी अडचण होती. मॅडमच्या बैठकीनंतर, थर्मामीटर मिळायच्या आधी, तिने स्वतःच पहिली सहा कॅरेट न्हाऊ घातली होती. कोपर बुडवलं, पाणी पाहिलं. मॅडम म्हणाल्या होत्या गरम. पण एवढंसं नाजूक सालीचं फळ, नखाचा धक्का लागला तरी चीक गाळतं. त्याला कडक पाण्यात घालायला तिचं मन होईना. "लेकरू रडून सांगतंय तरी. ह्या मुक्या जिवाला पोळलं तर कसं कळावं?" असं म्हणत तिने दोन घागरी गार पाणी मिसळलं. मग वीस मिनिटं फळांना इतक्या मायेने घोळवलं, की राजेश्रीला वाटलं आता पावडरही लावतात की काय.

पाचव्या दिवशी किशनरावांचा फोन. पपई आधीपेक्षाही काळी.

मॅडम स्वतः आल्या. डागाळलेलं फळ हातात घेऊन त्यांनी विचारलं, "आजी, पाणी किती गरम होतं?"

"लेकराला सोसंल इतकं."

मॅडम हसू दाबत म्हणाल्या, "आजी, मग ते बुरशीलाही सोसलं."

धुरपतामाय त्या दिवशी कुणाशी बोलली नाही. चाळीस वर्षांत तिच्या पाण्याला कुणी नाव ठेवलं नव्हतं. संध्याकाळी चुलीपुढे बसून तिने राजेश्रीला एवढंच सांगितलं, "पोरी, म्या त्या रांडंच्या बुरशीला न्हाऊ घातलं. बाळंतिणीवानी." आणि मग दोघी सासवा-सुना इतक्या हसल्या, की चंद्रभान बाहेरून विचारत आला, काय झालं म्हणून.

पण हसण्यावारी जाणारं ते नव्हतं. किशनरावांनी सांगून टाकलं होतं, "मावशी, आणखी एक डाव घेतो. वीस कॅरेट. सहा दिवस दुकानात ठेवतो. ह्या खेपेला काळी निघाली तर मग मला फोन करू नका." आणि चंद्रभानने रोटावेटरवाल्याला पुढच्या रविवारची वेळ देऊन ठेवली होती. फळ गेलं तर बाग मोडायची आणि उन्हाळी भुईमूग टाकायचा. तो काही दुष्ट माणूस नव्हे. सुनेला त्याने कधी मोठ्या आवाजात बोलल्याचं मी ऐकलं नाही. पण त्याने वेळ सांगून ठेवली होती, आणि राजेश्री त्या दिवसापासून बागेत जायची ती एकेका झाडाला हात लावून यायची. धुरपतामायला हे दिसत होतं. शब्द तिने टाकला होता. सून खोटी पडली असती तर तीही पडली असती, आणि पुन्हा त्या घरात कोणत्याही सुनेने रोप हातात घेतलं नसतं.

अशा त्या वीस कॅरेटांचं थर्मामीटर मी झटकलं.

मी मॅडमना फोन लावला. रविवार म्हणून त्या आपल्या गावी गेल्या होत्या.

"फुटलं? कसं फुटलं?"

"फुटलं," मी म्हणालो.

"सर, तुम्ही झटकलं नाही ना? ते झटकायचं नसतं."

मी म्हणालो, रेंज जायलीय.

दुसरं थर्मामीटर सोमवारी मिळणार होतं. राजेश्री धावत जाऊन घरातलं तापाचं थर्मामीटर घेऊन आली, ते आकडे दाखवणारं, सेलवरचं. मी ते पाण्याला लावायला गेलो तर तिने हलकेच माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः लावलं. ते दोनदा पीं पीं वाजलं आणि आकड्याऐवजी इंग्रजी एच दाखवू लागलं.

"काय म्हणतंय?" धुरपतामायने विचारलं.

"आत्याबाई, लय ताप हाय म्हणतंय."

"पाण्याला ताप हाय, हे आमालाबी दिसायलंय," चंद्रभान म्हणाला. "आता? परत नेऊन झाडाला चिटकवायची का फळं?"

धुरपतामाय उठली. तिने काकणं कोपरापर्यंत सरकवली, काहिलीपाशी उकिडवी बसली, उजवा हात मनगटापर्यंत पाण्यात घातला आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटू लागली.

हे पुटपुटणं मी आधी पाहिलं होतं. मॅडमचं थर्मामीटर आल्यावर दोन आठवड्यांत आम्ही चार-पाच वेळा थोड्याथोड्या फळांवर तालीम केली होती. दरवेळी मी नळी पाण्यात धरायचो (तेव्हा राजेश्री आधीच ती पाण्यात ठेवून मग माझ्या हाती द्यायची, हे आता ध्यानात येतं) आणि आकडा मोठ्यांदा वाचायचो. दरवेळी शेजारी धुरपतामाय हात बुडवून पुटपुटायची. मला वाटायचं, देवाचं नाव घेतेय. त्या रविवारी पहिल्यांदा कान देऊन ऐकलं.

"भुजंग... रामकिशन... दिपाली... सिद्धो—"

हात बाहेर. "बरुबर हाय. टाका फळं."

"वहिनी, हे काय?"

"काय म्हंजी? नावं."

"कुणाची?"

"माज्या लेकरांची. जशी जन्मली तशी." म्हणजे तिने न्हाऊ घातलेल्यांची. "तुमी पन्नास म्हणायलता तवा माजा हात सिद्धोधनावर निगायचा. दर डाव. अठ्ठेचाळीस म्हणलाव की पिंकीपतोर टिकायचा. आन तुमी एकदा त्रेपन्न म्हणलाव तवा दिपालीलाच काडावा लागला."

एकतीस वर्षं मी मुलांना सांगत आलो, की तापमान हाताने मोजता येत नाही. एक हात गार पाण्यात, एक गरम पाण्यात घालून बघा, दोन्ही फसतात. पुस्तकात प्रयोगच आहे तसा. पण पुस्तकातल्या हाताने चाळीस वर्षं रोज सकाळी पाणी पाहिलेलं नव्हतं, आणि पन्नासाची खूण त्याला नळीशेजारी बसून पाठ करायला मिळाली नव्हती. तरीही माझ्यातला मास्तर उठलाच. "मी पण बघतो," म्हणून मी हात घातला.

"भु—" एवढंच झालं.

"गुर्जींचं बाळसं अजून उतरलं न्हाई," चंद्रभान म्हणाला.

मग दुपारपर्यंत जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. वीस कॅरेटांचे पाच घाणे करायचे. एका घाण्याला वीस मिनिटं. एवढा वेळ पाणी सिद्धोधनावर ठेवायचं. थोडं निवलं, हात पिंकीपर्यंत पोचला, की धुरपतामाय म्हणायची, "पिंकी आली, एक घागर कडक वता." जाळ जास्त झाला की, "दिपाली, दिपाली! लाकूड वडा भाईर." चंद्रभान लाकडं आत-बाहेर करत होता. राजेश्री उकळत्या पाण्याची घागर घेऊन उभी. मला घड्याळ धरायला दिलं होतं, तेही हाताला बांधलेलं होतं म्हणून. दर मिनिटाला हात पाण्यात, दर मिनिटाला तीच चार नावं, आता मोठ्यांदा. मधूनच ती फळं उलटीपालटी करायची, कारण तरंगणाऱ्या फळाची पाठ कोरडी राहते. सरावाने ते सगळं इतकं न्हाणीघरासारखं वाटू लागलं, की शेवटच्या घाण्याला चंद्रभानने विचारलं, "धुरी बी द्यायची का?"

"तुमच्या तोंडाला द्यायची हाय," धुरपतामाय वर न बघता म्हणाली.

प्रत्येक घाणा बाहेर आला की हौदातल्या गार पाण्यात, मग बाजेवर जुन्या लुगड्यावर सावलीत. डाग असलेलं, खरचटलेलं, दबलेलं फळ राजेश्री बाजूला काढत होती. एक चांगलं दिसणारं फळ धुरपतामायने नुसतं फिरवून पाहिलं आणि बाजूला टाकलं. चंद्रभान कळवळला, "आगं, ते तर सोन्यावानी हाय."

"देठ उपसून निगालाय. तितून सडतंय. तुमी खावा."

त्याने खाल्लं नाही; ते कच्चं होतं.

साडेतीनला शेवटचं फळ कागदात गुंडाळून कॅरेटात बसलं. धुरपतामायचा उजवा हात मनगटापर्यंत गाजरासारखा लाल झाला होता. राजेश्री खोबरेल घेऊन आली आणि सासूच्या हाताला लावत बसली. सासू म्हणाली, "हळू. कोपरावर नगं, पोरी. हितं." दोघींपैकी कुणीही नांदेडचं नाव काढलं नाही.

चार वाजता गाडी आली. गाडी चालवणारा गावातलाच पोरगा, चाळिशीला टेकलेला, दाढी राखलेला. कॅरेट चढवता चढवता त्याने विचारलं, "माय, दुपारधरनं वाटंवर ऐकू यायलंय. माजं नाव कामून घ्यायलीस?"

तो सिद्धोधन होता.

"तू पन्नासावर हाईस," धुरपतामाय म्हणाली. "हळू चालव. पाणंदीत आदळू नको. फळाला एक मार बसला तर बुरशीच्या आदी म्या तुला बघंन."

तो इतकी हळू गाडी घेऊन गेला, की बैलगाडी त्याला मागे टाकून गेली असं मागाहून कळलं. ते खरं असेलच असं नाही, पण गावात सगळे तसंच सांगतात.

पुढचे सहा दिवस फार वाईट गेले. धुरपतामायने प्रत्येक घाण्यातलं एक फळ घरी ठेवून घेतलं होतं, किशनरावांकडे काय चाललंय ते इथे कळावं म्हणून. आखाड्यातल्या खोलीत, गव्हाच्या भुशावर, पाच फळं ओळीने. सोमवारपासून ती खोली म्हणजे बाळंतिणीची खोली झाली. गावातली माणसं बघायला यायला लागली. कुणी आलं की दारात चपला काढायचं, आत जाऊन वाकायचं, म्हणायचं, "रंग चडायलाय बगा." बाया पहिल्या घाण्यातलं आणि शेवटच्या घाण्यातलं फळ कुणावर गेलंय यावर बोलायच्या. मी रोज सकाळ-संध्याकाळ जात होतो. चंद्रभान आत यायचा नाही, दारातून विचारायचा, "हाय का अजून?" आणि निघून जायचा.

बुधवारपर्यंत पाचही पिवळी, स्वच्छ. गुरुवारी सकाळी मी गेलो तर खोलीत राजेश्री खाली बसलेली. तिसऱ्या फळावर, बरोबर मध्ये, एक काळा डाग.

चंद्रभान त्या दिवशी पहिल्यांदा आत आला. त्याने डाग पाहिला. मग म्हणाला, "राहू दे पोरी. तू केलंस तेवडं कुणी केलं नसतं." हे तो चांगल्या मनाने बोलला, पण त्याने राजेश्रीच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

"थांबा," धुरपतामाय म्हणाली. तिने फळ उचललं, दारात उजेडाला नेलं. डागाच्या कडेवरून बोट फिरवलं. "ही देवी न्हाई. देवी गोल आसती. ह्याला बगा, कोयत्यावानी वाक हाय."

तिने मान वर केली आणि खोलीतल्या सगळ्यांना म्हणाली, "आंगठे दाखवा."

"काय?"

"आंगठे. सगळ्यांनी."

आम्ही ओळीने अंगठे पुढे केले. चंद्रभानचं नख मातीने झिजलेलं. राजेश्रीचं बारीक कापलेलं. शेजारच्या चांगुणाबाई सहज बघायला आल्या होत्या, त्यांनीही भीतभीत दाखवला. मग माझा. माझ्या उजव्या अंगठ्याचं नख मी थोडं वाढवतो. चष्म्याचा स्क्रू सारखा ढिला होतो, तो पिळायला बरं पडतं. धुरपतामायने माझा हात धरला आणि नख डागावर ठेवलं. सुईत दोरा बसावा तसं बसलं.

"पिकलं का ते बघत होतो," मी म्हणालो. "अगदी हलकं दाबलं."

"कवा?"

"सोमवारी." आणि खोटं कशाला बोला, "मंगळवारी पण."

आतली बुरशी पाण्यात मेली होती, पण नखाने साल फाडली की बाहेरची नवी शिरणारच. चांगुणाबाईंनी सुस्कारा सोडला आणि आपला अंगठा पदरात लपवला. राजेश्री डोळे पुसून हसायला लागली. चंद्रभानने ते फळ घेतलं आणि बागेबाहेर खड्ड्यात पुरायला निघाला. जाताना माझ्याकडे त्याने असं पाहिलं, की मलाही त्याच खड्ड्यात जागा आहे का याचा तो अंदाज घेत असावा असं वाटलं.

पण चार फळं स्वच्छ आहेत म्हणून नांदेडची तीनशे स्वच्छ असतील, असं कुणी म्हणू शकत नव्हतं. शुक्रवार गेला. शनिवारी दुपारपर्यंत फोन नाही. रोटावेटरवाल्याने मात्र सकाळीच फोन करून विचारलं होतं, "उद्या सातला येऊ ना?" चंद्रभान त्याला म्हणाला होता, "सांगतो."

साडेचारला राजेश्रीचा मोबाईल वाजला. तिने नाव पाहिलं आणि मोबाईल सासूच्या हातात दिला. सासूने तो उलटा कानाला लावला. राजेश्रीने सरळ केला आणि आवाज मोठा केला.

"मावशी," किशनराव म्हणाले, "वीस कॅरेट उगडून बघितले."

"बरं."

"चार फळं गेली."

"कॅरेटामागं?" धुरपतामायचा आवाज एकदम बारीक झाला. तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

"अवो, सगळी मिळून चार! बाकी माल असा निगालाय, की बाजूचे दुकानदार इचारायलेत, कुटली हाय म्हणून. गुरवारी चाळीस कॅरेट भरा. भरताव का?"

धुरपतामायने मोबाईल राजेश्रीला दिला. राजेश्री बोलली, "भरतो काका, भरतो," आणि फोन ठेवल्यावर तिने सासूच्या कमरेला अशी मिठी मारली, की सासू ओरडली, "आगं हात! हात दुकतोय!" चंद्रभान बाहेर गेला. रोटावेटरवाल्याशी त्याचं बोलणं आम्हाला आतूनच ऐकू येत होतं. "न्हाई, न्हाई, येऊ नको. उद्या बी नको, परवा बी नको... भुईमूग? भुईमूग काय, बाजारात शेरानं मिळतोय."

मी उठलो. मला फार भरून आलं होतं. एवढ्या सगळ्यात आपल्या हातून काही चांगलं घडलं नाही याची बोचणी होती, ती उणीव कधीतरी भरून काढायला हवी होती. चाळीस कॅरेट म्हणजे दहा घाणे. माणूसबळ लागणारच. मी घसा साफ करून म्हणालो, "वहिनी, गुरुवारी मी उजाडताच येतो. कोणतंही काम सांगा, नाही म्हणणार नाही."

धुरपतामायने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"या गुर्जी, पर हात खिशात घालून या."